बुडालेले रोजे

आमच्या गावच्या पिंजारीचाचांचा डावा कान वाजायचा, हे सगळ्या गावाला माहीत होतं. तो कशानं वाजायला लागला हेही गावाला माहीत होतं. पण गावाला जे माहीत होतं ते खोटं होतं आणि ते मीच सांगितलेलं होतं. चाचा गेल्या हिवाळ्यात वारले. त्यांना माती देऊन आलो त्या दिवसापासून वाटतंय की ही हकीकत कागदावर उतरवावी. तिच्यात माझी बाजू घेण्यासारखं काही नाही. चाचांविषयी मात्र सांगण्यासारखं पुष्कळ आहे, आणि ते सांगायचं तर माझं वागणंही सांगावंच लागतं.

आमचं गाव गोरेगावपासून दोन कोसांवर. तेव्हा निजामाचा अंमल होता. कनेरगावच्या नाक्यापर्यंत त्याची हद्द. नाका ओलांडला की वऱ्हाड. जमीन काळी, पिकं जवारीची आणि कापसाची. कापूस घरचा असला तरी त्याची गादी किंवा दुलई व्हायची तर पिंजारी लागायचा, आणि आसपासच्या सात-आठ गावांत पिंजाऱ्याचं घर एकच होतं. चाचा तेव्हा पस्तिशीच्या आतबाहेर असतील. उंच, हडकुळे, आणि दाढीत, भुवयांत, कानांच्या केसांतसुद्धा कापसाचे तंतू अडकलेले. बायको बाळंतपणात गेली होती. पुन्हा लग्न केलं नव्हतं. घरात ते आणि त्यांची म्हातारी आई.

त्यांची कमान पुरुषभर लांबीची होती. तिला बकऱ्याच्या आतड्याची तात चढवलेली असे. कमान वरून दोरीनं टांगायची, तात कापसात धरायची आणि लाकडी ठोकळ्यानं तिच्यावर ठोके द्यायचे. तात थरारली की कापूस फुटतो, त्यातली माती आणि कचरा खाली पडतो, रुई वर येते. हे कोणालाही बघून कळतं. जे बघून कळत नाही ते म्हणजे तातीचा ताण. ढिली तात कापूस फोडत नाही, गुंडाळून घेते. जास्त ताणलेली तात तंतू तोडते किंवा स्वतः तुटते. आणि तात हवेप्रमाणे बदलते. सकाळी दवात एक, दुपारी उन्हात दुसरी. म्हणून काम सुरू करण्याआधी चाचा नखानं ती छेडायचे, डावा कान तिच्याकडं कलता करायचे, खुंटी किंचित फिरवायचे, पुन्हा छेडायचे. मनासारखा आवाज आला की "बराबर" म्हणायचे, स्वतःशीच. मग दुपारपर्यंत त्यांच्या कामाचा तो एकसारखा टणत्कार आळीभर ऐकू यायचा.

मी एकवीस वर्षांचा होतो. नुकतंच लग्न झालं होतं. त्या वर्षी रमजान जवारीच्या राखणीच्या दिवसांत आला होता. कणसं दुधातून निघून दाणा धरत होती आणि भोरड्यांचे थवेच्या थवे शेतावर उतरत होते. मी दिवसभर माळ्यावर, म्हणजे शेतातल्या मचाणावर, गोफण घेऊन उभा असे.

आमच्याकडं राखणीचा एक नेम होता. ओढ्याच्या बाजूला गोफण कितीही फिरवा. पण पायवाटेच्या बाजूला गुंडा, म्हणजे गोफणीतला दगड, सोडायचा तर आधी तीनदा हाळी द्यायची: "वाटंवर कोन हायऽऽ?" जवारी माणसाहून उंच असायची, वाटेनं चालणारा माळ्यावरून दिसत नसे. कोणी असलं तर आतून "हाय होऽऽ" असा जवाब यायचा आणि तो पुढं निघून जाईपर्यंत राखणदार थांबायचा. हाळी न देता वाटेकडं गुंडा सोडणं म्हणजे आमच्या भागात निव्वळ नादानी समजायचे. लहान पोरांनाही हे ठाऊक होतं.

त्या दिवशी उन्हं कलल्यावर भोरड्यांचा मोठा थवा नेमका वाटेच्या कडेला उतरला. हाळी दिली की पाखरं उडणार हे मला माहीत होतं. राखणीच्या दृष्टीनं ती उडाली तरी कामच झालं असतं. पण मला ती उडवायची नव्हती, मला एक पाडायची होती. आदल्या दिवशी शेजारच्या माळ्यावरच्या चुलतभावानं दोन पाडल्या होत्या आणि मला चिडवलं होतं, एवढंच कारण. मी हाळी दिली नाही. गोफण दोनदा फिरवली आणि गुंडा सोडला.

थवा उडाला. पाठोपाठ जवारीतून एक आवाज आला, टण्ण, आणि तो बराच वेळ हवेत राहिला. तो आवाज गावात कोणाच्याही ओळखीचा होता. मी माळ्यावरून कसा उतरलो ते आठवत नाही.

कामावरून परतणारे चाचा पायवाटेवर आडवे पडले होते. कमान अंगाखाली. डाव्या कानाच्या मागं, वरच्या अंगाला, डोकं फुटलं होतं आणि रक्त दाढीतल्या कापसात शोषलं जात होतं. माझा गुंडा दोन हातांवर पडलेला होता. मी तो आधी उचलला आणि जवारीत लांब फेकला. नंतर चाचांजवळ बसलो. ही क्रमवारी मी अनेकदा मनाशी तपासली आहे. ती अशीच आहे.

थोड्या वेळानं त्यांनी डोळे उघडले. मी माझा पाण्याचा तुंबा, वाळल्या भोपळ्याचा, त्यांच्या तोंडाला लावायला गेलो तर त्यांनी हातानं तो बाजूला सारला.

"रोजा हाय भाऊ," ते म्हणाले. "दिवस किती राहिला?"

"हातभर असंल."

"मग हातभर थांबू." आणि डोळे मिटून म्हणाले, "झालं काय मला?"

माझ्या तोंडून तेव्हा जे निघालं त्याची मी तयारी केली नव्हती. "चक्कर आली तुमाला, चाचा," मी म्हणालो. "उपाशी पोटी उन्हातून आले तुमी. धुऱ्यावरच्या दगडावर डोकं आपटलं."

"चक्कर," ते म्हणाले. "आजपस्तोर कधी आली न्हाई."

मी त्यांना पाठंगुळीला घेतलं आणि गावात आणलं. वाटेत ते दोनदा बेशुद्ध झाले. दोन्ही वेळा शुद्धीवर आल्यावर पहिला सवाल दिवस बुडाला का हाच होता. घरी पोचलो तरी बुडाला नव्हता. डोक्याला हळद दाबून धरलेली, कपाळ घामानं डबडबलेलं, आणि हा माणूस अजान होईपर्यंत ओठ मिटून पडून राहिला. मी समोर बसलो होतो. मी असा रोजा पुन्हा पाहिला नाही.

त्यांच्या आईनं माझ्या तोंडावरून दोन्ही हात फिरवले आणि आपल्या कानशिलांवर बोटं मोडली. "तू नसता बेटा, तर माझं लेकरू तिथंच संपलं असतं," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी गावभर तेच झालं. आमच्या वडिलांना लोक थांबवून सांगू लागले की तुमच्या पोरानं पिंजाऱ्याला वाचवलं. वडील जन्मात माझं कौतुक करत नसत. त्या दिवशी जेवताना त्यांनी माझ्या ताटात तुपाची धार स्वतः धरली. मी जेवलो. आणि त्या वर्षीपासून दर ईदेला चाचांच्या घरून आमच्याकडं कोरडा शिधा यायला लागला: शेवया, साखर, खारका, एक मूठ चारोळी. शिजवलेलं आमच्या घरी चालत नसे म्हणून म्हातारी कोरडं पाठवायची. माझी बायको त्याची खीर करायची आणि पहिली वाटी मला द्यायची.

जखम पंधरा दिवसांत भरली. कान मात्र वाजायला लागला तो थांबेना. चाचा हिंगोलीच्या हकीमाकडं जाऊन आले. हकीमानं विचारलं, कसं झालं? चाचांनी सांगितलं, रोज्यात चक्कर येऊन पडलो. हकीमानं तेलाचे थेंब दिले आणि बजावलं की डोक्याची नस हलली आहे, उपाशी पोटी राहायचं नाही. पुन्हा पडलात तर उठणार नाही. हकीमाचा यात काही दोष नाही. त्याला जे सांगितलं त्यावर त्यानं औषध दिलं.

त्या हिवाळ्यात आमच्या घरी दोन दुलया करायच्या होत्या. चाचा कामाला आले. दुखण्यातून उठल्यावरचं ते पहिलं काम. आमच्या गोठ्याच्या पडवीत त्यांनी कमान टांगली, तात चढवली आणि नखानं छेडून कान कलता केला. खुंटी फिरवली. पुन्हा ऐकलं. पुन्हा फिरवली.

"ढिली वाटून राहिली," ते म्हणाले.

मी शेजारी सरकी वेगळी करत बसलो होतो. मला ती तात ढिली वाटत नव्हती, उलट तिचा आवाज नेहमीपेक्षा चढा लागत होता. त्यांनी आणखी फिरवली आणि तात तुटली. दुसरी चढवली. तीही तुटली. तिसरी तुटताना तिचं टोक त्यांच्या गालाला लागून वळ उठला. त्यांनी चौथी पिशवीतून काढली, हातात घेतली आणि तशीच ठेवून दिली.

"काहून तुटून राहिल्या?" मी विचारलं, जणू मला काही माहीत नव्हतं.

"आत एक तात हाय ना आता," त्यांनी कानाकडं बोट केलं. "बारीक. उन्हात सुकलेल्या तातीवानी. कोनी तरी तिला सारखं छेडून राहिलं, दम खात न्हाई. ही बाहेरची मी तिच्याशी मिळवायला जातो आन् ही तेवढी चढत न्हाई. तुटते." मग हसून म्हणाले, "आतली तुटली असती तर बरं झालं असतं. फुकट तर होती."

ते हसले ते मला दिलासा द्यायला. माझा चेहरा पडलेला त्यांना दिसला असावा आणि आपल्या दुःखानं या पोराला वाईट वाटतंय असं त्यांना वाटलं.

पुढचे तीन महिने त्यांनी काही काम केलं नाही. लोक कापूस घेऊन सेनगावला जाऊ लागले. कोणी म्हणत, पिंजाऱ्याचा कान गेला, आता त्यानं मेंढरं राखावीत. चाचा मात्र रोज सकाळी कामाला बसायच्या वेळेला कमानीसमोर बसायचे. मी काही ना काही निमित्तानं तिकडं जायचो. कधी गूळ, कधी पायलीभर जवारी घेऊन. त्यामुळं गावात माझं नाव आणखीच चांगलं झालं.

त्या तीन महिन्यांत त्या माणसानं काय केलं ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. आधी त्यांनी डाव्या कानात बोळा घालून उजव्यानं ऐकून बघितलं. बोळा घातला की आतला आवाज दुप्पट व्हायचा. मग कमानीचं लाकूड गालाला लावून बघितलं. दातांत धरून बघितलं. बोटाच्या पेरानं तात दाबून किती दबते ते मोजून बघितलं. काहीतरी कळायचं, पण पुरेसं नाही. एकदा मी गेलो तर ते तातीकडं टक लावून बघत बसले होते. आधीच्या कामातला पिंजलेल्या कापसाचा एक पुंजका उडून तातीवर बसला होता. त्यांनी हळूच छेडलं. पुंजका घसरून खाली पडला.

"बघितलं?" ते म्हणाले.

"काय बघितलं? पडला."

"पडला न्हाई. घसरला. पडनं येगळं आन् घसरनं येगळं."

खुंटी पाव फेरा फिरवून त्यांनी चिमूटभर कापूस पुन्हा तातीवर ठेवला. छेडलं. पुंजका जागीच थरथरला आणि तातीला चिकटून राहिला. अर्धा पाव फेरा मागं. या वेळी पुंजका वीतभर वर उडाला आणि हवेतच उकलून सावकाश खाली आला.

चाचांनी चौथी तात त्या दिवशी चढवलेली होती. ती तुटली नाही. त्यांनी "बराबर" म्हटलं नाही, नुसतं माझ्याकडं बघितलं. मी खाली मान घातली.

एवढ्यानं काम झालं असं नाही. पुंजका किती उडाला की कोणत्या कापसाला चालतं, आखूड धाग्याच्या गावरान कापसाला किती, दमट हवेत किती, हे सगळं त्यांना नव्यानं बसवावं लागलं. शिमग्यापर्यंत ते पुन्हा कामाला लागले. दोन वर्षांनी स्थिती अशी होती की सेनगावहून लोक आमच्या गावात दुलई करायला यायचे. त्यांची रुई पूर्वीपेक्षा मऊ निघत होती. कानानं काम करताना त्यांना कधी थोडं इकडंतिकडं चालायचं. डोळ्यानं करायला लागल्यापासून चालेना. कान तसाच वाजत होता. त्याबद्दल ते कधी बोलत नसत. कोणी विचारलंच तर म्हणायचे, "हाय ना. वाजून राहिला. माजं काम चालू असलं की तोबी कामाला लागतो."

त्यांचं हे सगळं पाहून मी मनाची समजूत करून घेतली होती. वाटायचं, नुकसान भरून आलं. आता सांगून काय उपयोग? उगाच त्यांच्या मनात किल्मिष.

तिसऱ्या वर्षी रमजानमध्ये दुपारी उशांचा कापूस घेऊन मी त्यांच्या घरी गेलो. कामाचा आवाज आतून येत होता पण दार लावलेलं होतं. चाचांचं दार दिवसा कधी लावलेलं नसे. मी ढकललं. ते भिंतीकडं तोंड करून मडक्यातलं पाणी पीत होते. मला पाहून त्यांनी भांडं इतक्या घाईनं खाली ठेवलं की पाणी रुईवर सांडलं.

मी विचारायच्या आधी तेच बोलले.

"रोजा धरत न्हाई मी आता. हकीमानं मना केलं. मायनं शपथ घातली." ओल्या रुईचा गोळा ते हातानं बाजूला करत होते. "तुमालाच तर मालूम हाय. तुमीच उचलून आनलं होतं. पुन्यांदा चक्कर येऊन पडलो तर माय कोनाच्या भरवशावर राहील?"

मी कापूस हातात धरून उभा होतो.

"तकलीफ त्याची न्हाई," ते म्हणाले. "बिमार मानसाला माफी हाय. एका रोज्याच्या बदली एका गरिबाला जेवू घालायचं, ते घालून राहिलो." आणि खरंच, त्या महिन्यात रोज संध्याकाळी एक आंधळी म्हातारी त्यांच्या ओट्यावर जेवताना मी पाहिली होती, त्यांच्या घरात त्या दिवसांत एकच वेळ चूल पेटायची हेही पाहिलं होतं आणि रोज्यामुळं असेल असं समजलो होतो. "तकलीफ दुसरीच हाय. मला वाटायचं, बाकी काही जमो ना जमो, रोजा मला जमतो. आठ वर्साचा होतो तवापासून एक सोडला न्हाई. आन् त्यानंच मला पाडलं."

तेव्हा मी सांगायला हवं होतं. दार लावलेलं होतं, आम्ही दोघंच होतो, आणि दोन शब्दांचं काम होतं. मी म्हणालो, "उशा दोन करायच्या, चाचा," आणि कापूस ठेवून निघालो.

त्यानंतर आठ वर्षं गेली. दर वर्षी रमजान दहा-अकरा दिवस अलीकडं सरकत होता. हिवाळ्यातून पावसाळ्यात आला. दर वर्षी त्या महिन्यात चाचांचं दार दिवसा लावलेलं असायचं. मशिदीत ते पूर्वी पुढच्या ओळीत उभे राहायचे, ते मागच्या ओळीत गेले. रोजा सोडायच्या वेळी खजूर वाटला जाई तेव्हा ते बाहेर वजूच्या हौदाशी हात धूत बसायचे, सगळ्यांचं झाल्यावर आत जायचे. म्हातारी वारली त्या दिवशी तिनं मला जवळ बोलावून घेतलं आणि सांगितलं, "बेटा, त्याला उपाशी बाहेर पडू देऊ नको. तूच बघ त्याच्याकडं." मी हो म्हणालो. मरणाऱ्या बाईपुढं मी ते खोटं आणखी एकदा पक्कं केलं.

अठ्ठेचाळीस सालच्या उन्हाळ्यात मुलूख बिघडला. आमच्यासारखी पुष्कळ घरं सरहद्दीपलीकडं जायला निघाली. वडिलांनी ठरवलं की बायकापोरांना वाशीमकडं माझ्या सासुरवाडीला ठेवायचं. गाडी भरली. पुन्हा गावात कोण कोणाला भेटेल याची खात्री नव्हती. आदल्या दिवशी मी बायकोला सगळं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा कोणाला सांगितलं ते तिला. ती भांडी बांधत होती, बांधायची थांबली.

"खीर खाऊन राहिले तुमी," ती म्हणाली. "दर ईदेला. आन् पहिली वाटी मी देऊन राहिले."

हातातलं भांडं तिनं खाली ठेवलं.

"मग मला काहून सांगता? मी का पडले होते वाटंवर? तिकडं जाऊन सांगा. त्याबिगर मी गाडीत बसत न्हाई."

त्याच दुपारी मी चाचांकडं गेलो. ते काम करत होते. मी उंबऱ्याच्या आत बसलो आणि न थांबता सांगितलं. भोरड्यांचा थवा, चुलतभावाचं चिडवणं, गोफण, फेकून दिलेला गुंडा, सगळं. त्यांनी ठोकळा खाली ठेवला आणि तळहातानं तात थांबवली.

"हाळी दिली न्हाई?" त्यांनी विचारलं.

"न्हाई दिली."

"मी जवाब दिला असता."

"व्हय."

मी त्यांच्या चेहऱ्याकडं बघू शकलो नाही, हातांकडं बघत होतो. ते हात तातीवरचे बारीक तंतू एकेक करून काढत होते.

"म्हंजे रोज्यानं पडलो न्हाई मी," ते शेवटी म्हणाले.

"न्हाई, चाचा."

"चक्कर आली न्हाई."

"न्हाई."

"अकरा रमजान," ते म्हणाले. "पहिला अर्धा धरला होता, तो सोडून दिला तर साडेधा. दर साली मी अल्लाला म्हनून राहिलो की तुजा रोजा मला सोसत न्हाई. तो ऐकून राहिला. त्याला तर मालूम होतं." ते थोडे हसल्यासारखे झाले, पण ते हसू नव्हतं. "डोकं फोडलं त्याचं मी काही म्हनत न्हाई. गोफन हाय, कोनाच्याबी हातून सुटते. कान बी ठीक हाय, त्याच्यासंगं माजं जमलं. पन भाऊ, तुमी मला त्या दिवशी पानी पिताना बघितलं. ह्याच घरात. आन् उशा दोन म्हनाले."

पाया पडायला वाकलो तर त्यांनी पाय मागं घेतले.

"जा तुमी," ते म्हणाले. "गाडी उभी असंल. उद्या उन्हं व्हायच्या आत नाका गाठा."

मी माफी मागितली होती की नाही हे मला आज आठवत नाही. त्यांनी दिली नव्हती हे पक्कं आठवतं.

मृगात पाऊस झाला. पेरणी कोणी तरी करायला हवी म्हणून मी एकटाच गावात परत आलो. अर्धी घरं बंद होती. माणसं एकमेकांशी मोजकं बोलत. आषाढ लागायच्या सुमाराला रमजान सुरू झाला. मी त्या आळीनं जायचं टाळत होतो. चौथ्या की पाचव्या रोज्याला एक पोरगं निरोप घेऊन आलं, "पिंजारीचाचानं बलावलं."

गेलो. दिवस अजून बराच होता. दार सताड उघडं होतं. चाचा कमानीसमोर बसले होते; ओठ सुकून पांढरे पडलेले, आवाज खोल गेलेला. अकरा वर्षांपूर्वीचे रोजे हिवाळ्यातले, आखूड दिवसांचे. हे आषाढातले, आणि मधल्या काळात ते पन्नाशीकडं झुकले होते.

"बसा," ते म्हणाले. "पानी विचारत न्हाई, मला मोह व्हतो."

मी बसलो. त्यांनी तातीवर पुंजका ठेवला, छेडलं, खुंटी सारखी केली आणि काम सुरू केलं. ठोके हळू पडत होते पण चुकत नव्हते. बऱ्याच वेळानं ते काम थांबवून म्हणाले, "उपाशी पोटी आतली तात लई चढते. कालपासून तर बाकीचं नीट ऐकू येत न्हाई."

"मग सोडा ना रोजा, चाचा. माफी हाय म्हनले होते तुमीच."

"माफी बिमाराला. मी बिमार न्हाई, मला तुमीच सांगितलं." मग आवाज खाली आणून म्हणाले, "घरात बसून धरला जातो. मशिदीत जायची हिंमत व्हत न्हाई. वाटंवर पाय टाकला की वाटतं, आता चक्कर येनार. येत न्हाई. पन वाटतं. चार रोज झाले, घरीच नमाज पढून राहिलो. खरं काय ते डोक्याला कळलं, पायाला कळलं न्हाई आजून."

दिवस बुडायला आला तेव्हा त्यांनी हात-तोंड धुतलं, टोपी घातली आणि उंबऱ्यात उभे राहिले. आमच्या गावात मशीद दुसऱ्या टोकाला, वेशीजवळ. मधे सगळा बाजाररस्ता.

"तुमी मागं चला," ते म्हणाले. "हात धरायचा न्हाई. चार पावलं मागं राहायचं."

"पडले तर?"

"पडलो तर उचला. आन् कशानं पडलो ते लोकाला खरं सांगा. एवढंच काम हाय तुमचं."

ते निघाले. मी चार पावलं मागं. त्या दिवसांत एका हिंदूनं मशिदीच्या वाटेनं असं चालणं लोकांच्या नजरेत भरण्यासारखं होतं. दोन-तीन दारांतून माणसं बघत होती, दोन्हीकडची. चाचांनी कोणाकडं बघितलं नाही. ते प्रत्येक पाऊल टेकवून, वजन देऊन, मग दुसरं उचलत होते. एका जागी ते थांबले आणि मान डावीकडं थोडी कलती केली. मीही थांबलो. मग ते पुन्हा चालू लागले. पुढं पुढं त्यांचा वेग वाढला, इतका की चार पावलांचं अंतर राखायला मला भरभर चालावं लागलं.

मशिदीच्या पायरीशी ते पोचले तेव्हा अजान व्हायची होती. त्यांनी वहाणा काढल्या आणि मागं न बघता आत गेले. उघड्या दारातून मला दिसलं की हौदाशी न रेंगाळता ते सरळ पुढच्या ओळीकडं चालले आहेत, आणि तिथली दोन माणसं सरकून त्यांना जागा करून देत आहेत. ते नमाज पढून बाहेर येईपर्यंत मी पायरीपाशी उभा राहिलो. परत जाताना त्यांनी मला मागं चालायला सांगितलं नाही. पुढं चालायलाही सांगितलं नाही. मी आपल्या मनानंच चार पावलं मागं राहिलो.